नऊ सेकंदांचा ताळा

आमच्या निपाणीत विडी वळणाऱ्या बाईला मोजणी शिकवावी लागत नाही. मजुरी हजारावर असते. टेंभुर्णीची पानं आणि तंबाखू घरी न्यायची, बसून विड्या वळायच्या आणि कारखान्यात नेऊन द्यायच्या. तिथं तपासणारा माणूस विड्या हाताखालून घालतो आणि नापसंत बाजूला काढतो. त्या बाजूला पडलेल्या मालाला छाट म्हणतात. छाट किती निघाली हे ठरवायचे दोन मार्ग आहेत. पसंत विड्या मोजून हजारातून वजा करा, किंवा सरळ छाटच मोजा. दोन्हींकडून उत्तर एकच यायला हवं. पसंत विड्या नऊशे भरल्या आणि छाट मात्र नव्वदच सापडली, तर दहा विड्या गेल्या कुठं? एक तर कुणी तरी मोजायला चुकलं, नाही तर त्या दहा विड्या तिसऱ्याच वाटेनं गेल्या.

भौतिकशास्त्र गेली वीस वर्षं नेमक्या याच पेचात आहे. तिथली वस्तू आहे न्यूट्रॉन. अणुकेंद्राबाहेर पडलेला एकटा न्यूट्रॉन सरासरी किती वेळ जगतो, एवढाच प्रश्न. जे उरले ते मोजणारे म्हणतात ८७८ सेकंद. जे मेले ते मोजणारे म्हणतात ८८८ सेकंद. पहिल्यांची आपल्या आकड्याविषयीची शंका एका सेकंदाच्याही आत आहे, दुसऱ्यांची दोन-अडीच सेकंदांच्या पलीकडे जात नाही. तरीही मध्ये नऊ-दहा सेकंदांची खिंड उरते. ही खिंड कशी पडली आणि ती बुजवायला माणसांनी काय काय केलं, त्याची ही कथा.

न्यूट्रॉन सापडला १९३२ मध्ये. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जेम्स चॅडविक यांनी तो दाखवून दिला, तेव्हा अनेकांना वाटत होतं की हा स्वतंत्र कण नाही; प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन एकमेकांना घट्ट बिलगून झालेली ती जोडी आहे. तसं असेल तर जोडीचं वजन दोघांच्या बेरजेपेक्षा किंचित कमी भरायला हवं. दोन कण बांधले जाताना ऊर्जा बाहेर पडते आणि तेवढं वस्तुमान घटतं. म्हणजे सगळा वाद न्यूट्रॉनच्या वजनावर येऊन ठेपला. पण ज्याच्यावर विद्युतभार नाही, जो चुंबकाला आणि वीजदाबाला फारशी दाद देत नाही, त्याला तराजूत बसवायचं कसं?

युक्ती सुचली ती मॉरिस गोल्डहाबर या तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्याला. हिटलर सत्तेवर आल्यावर जर्मनी सोडून तो केंब्रिजला आला होता. जड हायड्रोजनच्या केंद्रात एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन असतो. त्यावर गॅमा किरण सोडायचे. केंद्र फुटायला किती ऊर्जा लागते ते कळलं, की बाकीची वजनं ठाऊक असल्यामुळे न्यूट्रॉनचं वजन वजाबाकीनं हाती येतं. चॅडविक यांनी त्याला बरोबर घेतलं आणि १९३४ च्या उन्हाळ्यात दोघांनी केंद्र फोडलं. पुढच्या वर्षापर्यंत आकडे पक्के होत गेले. न्यूट्रॉन हायड्रोजनच्या अणूपेक्षा, म्हणजे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्या जोडीपेक्षा, हलका नव्हता. तो जड होता, हजारात एका भागाहूनही कमी फरकानं, पण नि:संशय जड.

एवढ्याशा जास्तीच्या वजनाचा अर्थ मोठा होता. जोडीची कल्पना गेलीच. शिवाय निसर्गात जड वस्तूला हलकं व्हायची वाट मोकळी असेल तर ती वस्तू आज ना उद्या त्या वाटेनं जाते. म्हणजे मोकळा न्यूट्रॉन टिकणार नाही. त्याचा प्रोटॉन होणार, एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जाणार आणि त्याच्याबरोबर न्यूट्रिनोच्या कुळातला एक जवळजवळ अदृश्य कण निसटणार. ज्याला आपण सृष्टीची वीट समजत होतो तो कण स्वतःच नाशवंत आहे हे लक्षात आलं तेव्हा आपल्याला धक्का बसला होता, असं गोल्डहाबर यांनी पुढे सांगितलं आहे. आपल्या हाडामांसातले, दगडमातीतले न्यूट्रॉन टिकून आहेत ते केवळ अणुकेंद्रात बांधलेले आहेत म्हणून. सोडवला की तो मरणाच्या वाटेला लागला.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. न्यूट्रॉन म्हातारा होत नाही. जन्मून दहा मिनिटं झालेल्या न्यूट्रॉनची पुढची अपेक्षा आत्ता जन्मलेल्याइतकीच असते. एखादा पहिल्याच सेकंदाला मरेल, एखादा तासभर राहील. म्हणून एका न्यूट्रॉनचं आयुष्य मोजून काही कळत नाही. लाखो-कोट्यवधी न्यूट्रॉनांचा हिशेब ठेवावा लागतो आणि त्यातून सरासरी काढावी लागते.

कागदावर मृत्यू कळला, पण तो प्रत्यक्ष दिसायला तेरा-चौदा वर्षं गेली. त्यासाठी न्यूट्रॉनांचा पूर हवा होता, आणि तो अणुभट्ट्या उभ्या राहिल्यावरच मिळाला. अमेरिकेत ओक रिजच्या भट्टीवर आर्थर स्नेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ मध्ये न्यूट्रॉन मरत असल्याची पहिली चिन्हं टिपली. आयुष्याचा आकडा मात्र धूसरच होता. पहिला खरा आकडा आला कॅनडातल्या चॉक रिव्हरहून. तिथं एनआरएक्स नावाची भट्टी जुलै १९४७ मध्ये सुरू झाली होती आणि तिच्यातून येणारा न्यूट्रॉनांचा झोत त्या काळी अव्वल होता. त्या झोतापाशी जॉन रॉबसन बसले.

त्यांच्यासमोर काय होतं ते पाहा. भट्टीतून निघालेला सावकाश न्यूट्रॉनसुद्धा सेकंदाला दोन किलोमीटरहून जास्त धावतो. एक मीटर लांबीची निर्वात नळी तो अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत ओलांडतो. तेवढ्या वेळात वीस लाख न्यूट्रॉनांपैकी जेमतेम एक नळीच्या आत मरतो. बाकीचे जिवंत पलीकडे जातात. मेलेल्यातून निघणारा प्रोटॉन इतका दुबळा असतो की त्याची ऊर्जा जास्तीत जास्त साडेसातशे इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास जाते. आणि हे सगळं ऐकायचं ते किरणोत्साराचा गलका चाललेल्या भट्टीच्या भिंतीला खेटून. रॉबसन यांनी तो दुबळा प्रोटॉन वीजदाबानं खेचून घेतला, चुंबकानं वळवून गणकावर पाडला आणि मोजला. १९५१ मध्ये त्यांनी अर्धायुष्य जाहीर केलं: १२.८ मिनिटं, अडीच मिनिटं इकडे किंवा तिकडे. अर्धायुष्य म्हणजे निम्मे न्यूट्रॉन मरायला लागणारा वेळ. सरासरी आयुष्यात सांगायचं तर सुमारे ११०० सेकंद, आणि शंका दोनशेहून जास्त सेकंदांची.

रॉबसन यांच्या त्या भट्टीचं एक भावंड पुढे आपल्याकडे आलं, हे फारसं कुणाच्या ध्यानात नसतं. मुंबईत तुर्भ्याला कॅनडाच्या मदतीनं उभी राहिलेली आणि १० जुलै १९६० रोजी पेटलेली सायरस भट्टी एनआरएक्सच्याच आराखड्यावर बांधलेली होती. २०१० च्या अखेरीस ती कायमची विझवली. तिच्या झोतांवर आपल्या माणसांनी पदार्थांची अंतर्रचना पाहिली, किरणोत्सारी समस्थानिकं बनवली. न्यूट्रॉनचा मृत्यू ज्या जातीच्या यंत्रापाशी पहिल्यांदा नीट मोजला गेला, त्या जातीचं यंत्र पन्नास वर्षं ठाण्याच्या खाडीशेजारी चालत होतं.

आता कथा अनपेक्षित वळण घेते आणि आमच्या शेजारात येते. निपाणीपासून चाळीसेक किलोमीटरवरच्या कोल्हापुरात १९ जुलै १९३८ रोजी जयंत नारळीकर जन्मले. १९६४ मध्ये ते केंब्रिजला होते, खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांचे शिष्य आणि सहकारी म्हणून. त्या वर्षी गुरुत्वाकर्षणाच्या हॉईल-नारळीकर सिद्धांतानं त्यांचं नाव जगभर पोचवलं. त्याच वर्षी, त्याच केंब्रिजमध्ये, हॉईल यांनी रॉजर टेलर यांच्याबरोबर एक वेगळाच निबंध लिहिला. प्रश्न साधा होता: विश्वात इतका हेलियम आला कुठून? वस्तुमानाच्या मापानं दृश्य पदार्थाचा जवळजवळ चौथा हिस्सा हेलियम आहे. ताऱ्यांच्या पोटात एवढा हेलियम शिजायला वेळ पुरत नव्हता.

विश्वाची सुरुवात महास्फोटानं झाली या मताचे हॉईल कट्टर विरोधक. तरीही त्यांनी प्रामाणिकपणे गणित मांडलं: समजा, विश्व एके काळी कमालीचं तप्त होतं. पहिल्या सेकंदाच्या आसपास प्रोटॉन आणि न्यूट्रॉन एकमेकांत बदलत होते. विश्व निवत गेलं तशी ती अदलाबदल थांबली आणि दर सहा प्रोटॉनांमागे एक न्यूट्रॉन उरला. त्यानंतरची काही मिनिटं निर्णायक. न्यूट्रॉन मरत चालले आहेत आणि हेलियम बांधायला विश्व अजून पुरेसं निवलेलं नाही. जेवढे न्यूट्रॉन या शर्यतीत वाचले तेवढे जवळजवळ सगळे हेलियमच्या केंद्रात जाऊन कायमचे सुरक्षित झाले. म्हणजे आज आकाशात किती हेलियम आहे हे त्या वेळच्या न्यूट्रॉनच्या आयुष्यावर ठरलं. आयुष्याचा आकडा नुसत्या शर्यतीत येतो असंही नाही; अदलाबदल केव्हा थांबली तेही न्यूट्रॉनचं आयुष्य ठरवणाऱ्या बळावरच अवलंबून आहे. हॉईल आणि टेलर यांचा निष्कर्ष असा: एक तर विश्व खरोखर अतितप्त अवस्थेतून गेलं आहे, किंवा प्रचंड वस्तुमानाच्या पिंडांनी हेलियम शिजवण्यात मानलं जातं त्याहून फार मोठा वाटा उचलला आहे. जगातल्या बहुतेक खगोलशास्त्रज्ञांनी पहिली वाट धरली. हॉईल दुसऱ्या वाटेनं गेले आणि नारळीकर अखेरपर्यंत त्या वाटेवर त्यांच्यासोबत राहिले.

हॉईल यांच्यासारख्या माणसानं आपल्या मताविरुद्ध जाऊ शकणारं गणित स्वतःच्या हातानं केलं, हा या सगळ्या कथेतला मला सर्वांत मोलाचा प्रसंग वाटतो.

हॉईल यांनी ते गणित केलं तेव्हा हाती असलेली न्यूट्रॉनच्या आयुष्याची सर्वांत नेमकी मोजणी मॉस्कोच्या स्पिवाक यांच्या गटाची होती, १९५९ ची: सुमारे १०१३ सेकंद. १९७२ मध्ये डेन्मार्कच्या रिसो इथं क्रिस्टेन्सन आणि सहकाऱ्यांनी पुन्हा मोजलं तर आले ९१८. एकदम ९५ सेकंदांची घट. प्रयोगशाळेतल्या या दुरुस्तीनं विश्वारंभीच्या हेलियमचा हिशेब शेकडा जवळजवळ दोनानं खाली आला. इथून पुढे विश्वाचा जन्म मोजणाऱ्यांची नजर न्यूट्रॉन मोजणाऱ्यांच्या वहीवर खिळली ती कायमची.

आतापर्यंत सगळे रॉबसन यांच्याच वाटेनं जात होते: धावता झोत, आणि त्यात मेलेल्यांची मोजणी. या वाटेत दोन आकडे निरपेक्ष हवेत, झोतात न्यूट्रॉन किती होते आणि मेले किती. दोन्हींत जराशी चूक झाली की आयुष्यात चूक. मग दुसरी वाट निघाली. न्यूट्रॉनांना भांड्यात कोंडा, थांबा आणि उरले किती ते मोजा. पण भिंतीतून सहज आरपार जाणाऱ्या कणाला कोंडायचं कसं? उत्तर त्याच्या वेगात होतं. न्यूट्रॉन फार सावकाश केला, सेकंदाला सात-आठ मीटरांच्या खाली आणला, तर काही पदार्थांच्या पृष्ठभागावरून तो सरळ परत फिरतो. सोव्हिएत शास्त्रज्ञ झेल्दोविच यांनी १९५९ मध्ये असे न्यूट्रॉन साठवता येतील असं सुचवलं होतं. दुबनाच्या फ्योदर शापिरो यांच्या गटानं १९६८ मध्ये ते प्रत्यक्ष मिळवले. पाठोपाठ म्युनिकला आल्बर्ट स्टायर्ल यांनीही.

फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या संस्थेत वाल्टर माम्पे आणि सहकाऱ्यांनी भांडं केलं ते काचेचं, चौकोनी, आतून एका खास तेलाचा थर दिलेलं आणि मागची भिंत पुढे-मागे सरकणारी. ही सरकती भिंत म्हणजे प्रयोगाचा प्राण. न्यूट्रॉन भिंतीवर आपटतो तेव्हा क्वचित कधी भिंतीतच गिळला जातो. हे खोटे मृत्यू खऱ्यांतून वगळायचे तर भांडं मोठं-लहान करून पाहायचं. मोठ्या भांड्यात आपटी कमी, खोटे मृत्यू कमी. आकडे एका रेषेवर मांडत अशा भांड्यापर्यंत जायचं जिथं भिंतच नाही. तसं भांडं जगात कुठं बनवता येत नाही, पण रेषा वाढवत त्याच्यापर्यंत पोचता येतं. १९८९ मध्ये उत्तर आलं: ८८७.६, तीन सेकंद कमी-जास्त. झोतवाल्यांचे आकडेही हळूहळू त्याच परिसरात स्थिरावले. २००० नंतर जागतिक सरासरी ८८५.७ वर बसली आणि सगळ्यांना वाटलं, झालं, ताळा जमला.

आणि २००५ मध्ये अनातोली सेरेब्रोव यांनी तो मोडला.

सेरेब्रोव हे सेंट पीटर्सबर्गजवळच्या गातचिना इथल्या अणुभौतिकी संस्थेचे. त्यांनी ग्रेनोबलला नेलेलं भांडं गोल फिरणारं होतं. त्याला एकच भोक. भोक वर असेल तर गुरुत्वाकर्षणच न्यूट्रॉनांना आत धरून ठेवतं, कारण इतके सावकाश न्यूट्रॉन वर चढूच शकत नाहीत. भांडं वळवून भोक खाली आणलं की उरलेले न्यूट्रॉन गणकाकडे सांडतात. भांडं अतिशीत, भिंतीवरचा थर नवा, खोटे मृत्यू आधीच्या प्रयोगांपेक्षा कितीतरी कमी. उत्तर आलं ८७८.५, शंका एका सेकंदाच्या आत. जुन्या सरासरीहून सात सेकंद कमी! मूलकणांच्या अधिकृत आकड्यांची जी आंतरराष्ट्रीय सारणी निघते, तिच्या संपादकांनी हा आकडा नोंदवला पण सरासरीत घेतला नाही. एकटाच प्रयोग, सगळ्यांपासून इतका दूर. कुणाचं काय चुकलं ते कळेपर्यंत थांबू, अशी त्यांची भूमिका. काही वर्षं सेरेब्रोव एकाकी पडले. मग जुने भांडेवाले आपापल्या वह्या पुन्हा उघडू लागले. काहींना आपल्या जुन्या विश्लेषणात दुरुस्ती सापडली, काहींनी नवे प्रयोग केले, आणि आकडे एकेक करून खाली सरकले: ८८२, ८८१, ८८०. पुढे सारणीनंही सेरेब्रोव यांना आत घेतलं.

पण खाली सरकले ते फक्त भांडेवाले. झोतवाले जागचे हलले नाहीत.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत, वॉशिंग्टनजवळ, झोताच्या मोजणीचा सर्वांत काटेकोर प्रयोग उभा होता. न्यूट्रॉनांचा झोत एका नळीतून जातो. तिथं जबर चुंबकीय क्षेत्र आणि दोन टोकांना वीजदाबाची कवाडं. मेलेल्या न्यूट्रॉनचा प्रोटॉन या दोन कवाडांत अडकतो. थोड्या थोड्या वेळानं एक कवाड उघडायचं आणि साचलेले प्रोटॉन गणकाकडे सोडायचे. झोत पुढे लिथियमच्या पातळ थरातून जातो आणि तिथल्या अभिक्रियांवरून न्यूट्रॉन किती होते ते कळतं. २००५ मध्ये या गटाचा आकडा होता ८८६.३. शंकेचा सर्वांत मोठा भाग होता लिथियमच्या थराच्या मोजमापात. अँड्र्यू यू या तरुण संशोधकानं नेमका तोच भाग वेगळ्या पद्धतीनं पुन्हा तपासला. वर्षानुवर्षांचं हे चिवट काम २०१३ मध्ये छापून आलं. सगळ्यांना आशा होती की दुरुस्तीनंतर आकडा खाली येईल. तो वर गेला: ८८७.७. आणि शंका कमी झाली.

म्हणजे दोघांनीही आपापली मोजणी सुधारली आणि अंतर वाढलं. शास्त्रात याहून अस्वस्थ करणारी अवस्था क्वचितच असते.

दरम्यान न्यू मेक्सिकोतल्या लॉस अलामॉस इथं एक तिसरंच भांडं तयार होत होतं, ज्याला भिंत नव्हती. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसला तरी तो एक इवलासा चुंबक असतो. हजारो कायमस्वरूपी चुंबक विशिष्ट क्रमानं बसवून त्यांनी न्हाणीच्या टबासारखा खोलगट आकार बनवला. योग्य दिशेचा न्यूट्रॉन तळाकडे येतो आणि पृष्ठभागाला स्पर्श होण्याआधीच परत ढकलला जातो. वरच्या बाजूला झाकण नाहीच. गुरुत्वाकर्षण हेच झाकण. अर्ध्या मीटरपेक्षा उंच उडू शकणारे न्यूट्रॉन आधीच प्लास्टिकच्या एका तावानं टिपून काढायचे. टबाचा आकार मुद्दाम दोन बाजूंना सारखा ठेवलेला नाही. न्यूट्रॉन एकाच ठराविक वाटेनं घुटमळत राहिला तर हिशेब बिघडतो. वेडावाकडा भटकत राहिला तर सगळ्यांना सारखीच वागणूक मिळते.

मोजणी अशी: टब भरायचा, वीस सेकंद थांबायचं, मग बोरॉनचा लेप दिलेली पट्टी वरून हळूच आत सोडायची आणि न्यूट्रॉन टिपून घ्यायचे. पुन्हा भरायचा आणि या वेळी १५५० सेकंद थांबायचं. दुसऱ्या वेळी पहिल्याच्या शेकडा सतरा-अठराच उरलेले असतात. हे शेकडो वेळा, महिनोन्महिने. या गटानं आणखी एक पथ्य पाळलं, ज्याची मला विशेष कदर वाटते. विश्लेषण करणाऱ्यांना खऱ्या वेळा दिल्याच नाहीत. वेळांत एक गुप्त फरक मिसळला होता, त्यामुळे आपण ८७८ च्या दिशेनं चाललो आहोत की ८८८ च्या, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तीन स्वतंत्र गटांनी आपापलं विश्लेषण पुरं केलं, तिन्ही उत्तरं समोरासमोर ठेवली आणि मगच गुप्त फरक उघडला. ऑक्टोबर २०२१ मध्ये जगाला आकडा कळला: ८७७.७५ सेकंद, शंका सेकंदाच्या सुमारे एक-तृतीयांश. रॉबसन यांच्या दोनशे सेकंदांच्या शंकेपासून इथपर्यंत यायला सत्तर वर्षं लागली होती. सेरेब्रोव यांचं म्हणणं खरं ठरलं होतं, आणि झोताशी भांडण आणखी पक्कं झालं होतं.

आता तिसऱ्या वाटेची गोष्ट. मोजणी दोघांचीही बरोबर असेल तर? जानेवारी २०१८ मध्ये सॅन डिएगोच्या बार्टोश फोर्नाल आणि बेंजामिन ग्रिनस्टीन यांनी हा धाडसी विचार मांडला: शंभरातला एखादा न्यूट्रॉन मरताना प्रोटॉन देतच नसेल. तो कृष्णपदार्थाच्या, म्हणजे विश्वातल्या न दिसणाऱ्या पदार्थाच्या, एखाद्या अज्ञात कणात बदलत असेल. भांडेवाल्यांना तो गेलेला दिसणार, झोतवाल्यांना त्याचा प्रोटॉन सापडणार नाही. ताळा चोख जमतो, आणि विश्वातल्या सर्वांत मोठ्या कोड्याची किल्ली भट्टीच्या नळीत सापडते! बातमी वणव्यासारखी पसरली. लॉस अलामॉसच्या लोकांनी काही आठवड्यांत अशा मृत्यूतून निघू शकणारे गॅमा किरण शोधले. सापडले नाहीत. त्याहून मोठा आक्षेप आकाशातून आला. न्यूट्रॉन तारे जवळजवळ न्यूट्रॉनांचेच बनलेले असतात. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणी असे स्पंदन करणारे तारे वर्षानुवर्षं ऐकत आहेत. न्यूट्रॉनांना कृष्णकणांत विरघळायची मुभा असती तर या ताऱ्यांचा आतला दाब ढासळला असता आणि सूर्याइतक्या वस्तुमानाचा न्यूट्रॉन ताराही तग धरू शकला नसता. प्रत्यक्षात सूर्याच्या दुप्पट वस्तुमानाचे न्यूट्रॉन तारे सापडलेले आहेत. कल्पनेला डागडुजी करून जिवंत ठेवता येतं, पण तिचं साधं रूप टिकलं नाही.

कणांच्या मृत्यूच्या शोधाचा एक जुना संदर्भ आमच्या कर्नाटकातच आहे. कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून खोल, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी सहकाऱ्यांबरोबर १९८० च्या दशकात प्रोटॉन मरतो का ते पाहिलं होतं. काही खुणा दिसल्याचं त्यांनी जाहीर केलं. परदेशातल्या मोठ्या यंत्रांनी त्यांना दुजोरा दिला नाही. प्रोटॉनचा मृत्यू आजवर कुणालाही पाहता आलेला नाही. न्यूट्रॉनचा मृत्यू रोज दिसतो आणि तरी त्याचा आकडा जुळत नाही.

मग चूक कुठं असेल? झोताच्या प्रयोगात अडकलेले प्रोटॉन नळीतल्या उरल्यासुरल्या वायूच्या रेणूंना आपला भार देऊन निसटत असतील, अशी शंका सेरेब्रोव आणि इतरांनी काढली आहे. प्रयोग करणाऱ्यांनी हिशेब मांडून ती शंका नाकारली. जपानच्या जे-पार्क इथल्या गटानं वेगळा मार्ग घेतला: झोतच वापरायचा, पण प्रोटॉनऐवजी इलेक्ट्रॉन मोजायचे. त्यांचा पहिला आकडा फार धूसर होता. २०२४ च्या अखेरीस त्यांनी सुधारलेला आकडा मांडला तो ८७७ च्या जवळचा, चारेक सेकंदांच्या शंकेसह. झोतातून निघालेला आणि भांड्याच्या बाजूला झुकणारा हा आकडा महत्त्वाचा आहे. अमेरिकन मानक संस्थेची झोताची सुधारित मोजणी अजून यायची आहे.

एवढ्या नऊ-दहा सेकंदांनी विश्वाच्या इतिहासात फार मोठी उलथापालथ होत नाही. हेलियमच्या हिश्शात त्यानं फक्त हजारात दोनाचा फरक पडतो. पण आकाशातला हेलियम मोजणारे आता त्याच बारकाव्याच्या जवळ पोचले आहेत, आणि कणांच्या प्रमाण सिद्धांताची एक कठोर परीक्षाही याच आकड्यावर घेतली जाते. म्हणून हा वाद क्षुल्लक नाही.

माझा कौल भांड्याच्या बाजूला आहे. वेगवेगळ्या जातीची भांडी, तेलाची, थंडगार, चुंबकाची, आता जवळपास एकाच आकड्यावर येतात. झोताचा ८८८ हा आकडा मात्र बहुतांशी एकाच यंत्राच्या भरवशावर उभा आहे. तरीही त्या यंत्रात प्रोटॉन नेमके कुठं हरवले हे कुणी बोट ठेवून दाखवलेलं नाही, आणि ते दाखवल्याशिवाय त्याचा आकडा खोडण्याचा हक्क कुणाला पोचत नाही. निपाणी, कोल्हापूर, बेळगावच्या महाविद्यालयांत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यांना म्हणून एक विनंती आहे. फळ्यावर न्यूट्रॉनचं आयुष्य ८७८.४ सेकंद असं लिहाल, तेव्हा त्याच्याखाली ८८७.७ ही लिहा, दोन्हींपुढची शंका लिहा आणि हा ताळा अजून लागलेला नाही, हे मुलांना सांगा.